पहिली पेटी घेताना

मैत्रिणींनो, मुलं जरा मोठी झाली, दुपार थोडी मोकळी मिळू लागली, की मनात दडून राहिलेली एखादी हौस पुन्हा डोकं वर काढते. भजनी मंडळात टाळ वाजवता वाजवता नजर पेटीकडे जाते. ‘या वयात आता काय शिकायचं?’ हा विचार आधी मनातून काढून टाका. खरा प्रश्न आहे तो, घरखर्चातून बाजूला टाकलेल्या पैशांत कोणती पेटी घ्यावी हा.

पेटी बेसूर असली, तर नवशिकीला दोष पेटीचा आहे हे कळतच नाही. ‘मला सूरच नाही’ असं म्हणून ती दोन महिन्यांत पेटी माळ्यावर टाकते. पैसे जातात ते जातात, हौसही जाते!

साधी नवी पेटी आज साधारण दहा हजारांच्या आतबाहेर सुरू होते. दुकानदार ‘स्केल चेंजर’ दाखवील. ती महाग, वजनाला जड आणि दुरुस्तीला किचकट. सुरुवातीला तिची गरज नाही. ३९ किंवा ४२ पट्ट्यांची साधी पेटी पुरते. बायकांचा आवाज बहुधा काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो. तुमची पट्टी कोणती, ते शिकवणाऱ्या बाईंकडून आधीच ठरवून घ्या. एका पट्टीला दोन सूर असलेली, म्हणजे ‘डबल’ पेटी जमली तर घ्यावी. आवाज भरदार येतो. पण ओढाताण होत असेल, तर चांगली ‘सिंगल’ बरी.

गुलमंडीवर साडी घेताना आपण काठ, पदर, पोत उलटसुलट करून पाहतो ना? तशीच पेटीही पाहायची:

१. भाता भरा आणि एकही पट्टी दाबू नका. भाता लगेच बसला, तर हवा गळते आहे. पट्टी न दाबता सूर वाजला, तर ती पेटी नकोच.

२. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक वाजवा. कुठली अडकते, कुठली घरघरते, कुठली दबक्या आवाजात बोलते, ते कान देऊन ऐका.

३. मधला सा आणि वरचा सा एकदम दाबा. दोन्ही एकजीव वाटायला हवेत. आवाज थरथरला, तर सूर नीट लावलेले नाहीत.

४. सूर पुन्हा लावून देणार का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.

जुनी पेटीही वाईट नसते, बरं का! फक्त जाणकार वादकाला सोबत न्या आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

गाणंही शिकायचं असेल, तर एक लक्षात ठेवा. पेटीचे सूर ठरलेले. त्यावर मींड निघत नाही. म्हणूनच १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. तेव्हा जोडीला तानपुरा हवा. तो आता मोबाइलवर फुकट मिळतो. आणि पेटीला कमी लेखू नका. आपल्या शेजारच्या जालन्याच्या अप्पा जळगावकरांनी याच पेटीवर देशभर नाव मिळवलं.

घरी आणल्यावर पेटी उन्हात किंवा ओलसर जमिनीवर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. पाटावर ठेवा, वर जाड कापड घाला, उंदरांपासून जपा.

आणि रोज अर्धा तास वाजवा. तेवढा वेळ मात्र घरात सर्वांना सांगून ठेवा, की तो तुमचा!