खेट्यांच्या नगरीत ‘पॉइंट’चे वेड

पावसाची पहिली सर कोसळली, की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तालमींच्या कट्ट्यांवर एकच बेत रंगू लागतो : येत्या रविवारी मसाई पठार! गाडी कोणाची, स्पीकर कोणाचा, मटण कोठून आणायचे, हे सारे अर्ध्या तासात ठरते. चालायचे किती, वाट कोणती, धुके दाटले तर परतायचे कसे, हे मात्र कोणी विचारीत नाही. कारण चालायचेच नसते. गाडी थेट पठारावर घालायची, कड्याच्या टोकावर छायाचित्रे काढायची आणि उष्टी-खरकटी मागे टाकून परतायचे. यालाच हल्ली ‘ट्रेक’ म्हणण्याची प्रथा पडली आहे.

कोल्हापूरकराला डोंगर कसा चढावा हे सांगावे लागावे, यासारखे दुर्दैव नाही. माघ महिन्यातील रविवारी जोतिबाचे खेटे घालणारी ही नगरी. केदारनाथाला निघालेल्या जोतिबाला थांबविण्यासाठी अंबाबाई अनवाणी डोंगरावर गेली, ही श्रद्धा या परंपरेच्या मुळाशी आहे. पहाटे निघावे, पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे या वाटेने डोंगर चढावा, दर्शन घ्यावे. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, अंगावर ओझे नाही आणि मनात उद्देश स्पष्ट. एका दिवसाच्या पदभ्रमणाचे याहून चोख नियोजन कोणते पुस्तक शिकविणार?

मग हे ‘पॉइंट’चे वेड आले कोठून? महाबळेश्वरी जाऊन पाहावे. आर्थर, विल्सन, एल्फिन्स्टन यांची नावे आजही तेथील कड्यांना चिकटून आहेत. साहेबाला डोंगर हवा होता तो उन्हाळ्यातील विरंगुळ्यासाठी. त्याला तेथे देव दिसत नव्हता आणि इतिहासही नको होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर पन्हाळ्याचा चार दरवाजा याच सत्तेने जमीनदोस्त केला. साहेब गेला, परंतु त्याची दृष्टी आपण डोळ्यांवर चढवून बसलो आहोत. डोंगर म्हणजे देखावा, आणि देखावा म्हणजे करमणूक!

मसाई पठार हा केवळ देखावा नव्हे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवछत्रपती १२ जुलै १६६० च्या रात्री, कोसळत्या पावसात, राजदिंडीने बाहेर पडले, ते याच पठारावरून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन मृत्यू पत्करला. बाजीप्रभूंनी घोडखिंड आपल्या रक्ताने पावन केली. त्या रात्री मावळ्यांनी जी वाट चिखलात तुडविली, त्याच वाटेवर आज ध्वनिवर्धक लावून नाचणाऱ्यांना आपण काय करीत आहोत याचे भान आहे काय?

आणि येथे आपल्याच माणसांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. दुचाकीला भगवा बांधला, घसा फुटेपर्यंत जयजयकार केला, की शिवभक्ती पूर्ण झाली, असे मानणारा एक वर्ग आपल्यातही वाढतो आहे. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळी फुलांचे सारे आयुष्य त्या थरावर अवलंबून असते. चाकाखाली तो दबला, की पुढच्या पावसात तेथे फूल उमलत नाही. मग ते चाक भगवा लावलेल्या गाडीचे असले म्हणून काय फरक पडतो? राज्य शासनाने २०२२ मध्ये हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले; २०२५ मध्ये पन्हाळा मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ दुर्गांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. परंतु कागदावरची घोषणा गड राखत नाही. गड राखतो तो समाज.

वृद्धांनी, लेकुरवाळ्यांनी काय करावे, असा प्रश्न विचारला जाईल. त्यांनी एसटीने किंवा गाडीने पन्हाळ्यापर्यंत अवश्य जावे. तीन दरवाजा पाहावा, सज्जाकोठीतून दरी न्याहाळावी. मात्र धडधाकट तरुणाने पुढची वाट पायीच धरावी. पहाटेची एसटी, शिवा काशीदांच्या समाधीला वंदन, राजदिंडीची उतरण, पठारावरची पायपीट, मसाई देवीचे दर्शन, पांडवदऱ्याची लेणी आणि सूर्य मावळण्यापूर्वी परत. सोबत वाट जाणणारा माणूस, पुरेसे पाणी, भाकरी-चटणी आणि आपला कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी. धुके उतरले तर पुढे जाण्याचा हट्ट सोडावा. पठारावर दिशा हरवते, आणि तेथे उगाच धाडस दाखविण्यात पुरुषार्थ नाही.

खर्च म्हणाल तर एका जेवणावळीहून कमी. परंतु अशा वाटेने गेलेला मुलगा संध्याकाळी पेठेत परतेल, तेव्हा त्याचे पाय दुखत असतील आणि १६६० ची ती रात्र त्याला पाठ्यपुस्तकाहून अधिक कळलेली असेल. पेठेतल्या तालमींनी बलोपासनेची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली. आता त्यांनीच पुढाकार घेऊन ठरवावे : आमच्या मंडळाची गाडी मसाई पठारावर चढणार नाही. जोतिबाला जे पाय अनवाणी जातात, त्यांना ही वाट जड नाही.