मोड मोजण्याचे शिक्षण

अंकगणिताच्या पुस्तकात पैशांची उदाहरणे असतात. पैसे मात्र नसतात. आता मोबाइलमुळे घरच्या व्यवहारातूनही नाणी दिसेनाशी होत चालली आहेत. म्हणूनच ती वर्गात आणली पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१, २, ५ व १० रुपयांची नाणी मुलांपुढे ठेवून १० रुपये किती प्रकारांनी होतात, असे विचारावे. पाचाची दोन, पाचाचे एक, दोनाची दोन व एकाचे एक, असे करता करता ११ प्रकार हाती लागतात. एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे बरोबर असू शकतात, हे मुलांस आपोआप उमगते.

मोडही अशीच शिकवावी. १३ रुपयांच्या जिनसेसाठी २० दिले, तर चतुर दुकानदार वजाबाकी करीत बसत नाही. १३ वर २ ठेवून १५, त्यावर ५ ठेवून २० म्हणतो.

१ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. हिशेब सोपा झाला. हिशेबाची गरज संपली नाही. पालकांनी बाजारास जाताना मुलांच्या हाती सुटे पैसे द्यावेत. ज्याला मोड मोजता येते तो सहसा फसत नाही, आणि चुकून जास्त आलेला रुपया परतही करू शकतो.