एकाच टँकमधले दोन बिअर्डेड ड्रॅगन आज रात्रीच वेगळे करा

सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरी बिअर्डेड ड्रॅगन हे पाळीव सरडे आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे दोन असतील आणि ते एकाच टँकमध्ये राहत असतील, तर त्यांना आज रात्रीच वेगळं करा. काल त्यांची झटापट झाली असेल, तर हे वाचणं थांबवून आधी तेवढं करा. आजवर एकदाही भांडण झालं नसेल, तरीही करा.

‘इतके दिवस एकत्र आहेत, एकमेकांच्या अंगावर झोपतात, मग आता अचानक काय झालं?’ असं पाळणारे विचारतात. अचानक काही झालेलं नसतं. दुकानातून आणली तेव्हा ती वीतभर पिल्लं होती. साधारण आठ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ती वयात येतात आणि जागेवरचा हक्क सांगू लागतात. या प्राण्याचं मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कोरडा, उघडा अंतर्भाग. तिथे तो एकटा राहतो. कुंपणाच्या खांबावर किंवा दगडावर चढून ऊन खातो आणि दुसरा जवळ आला की त्याला हुसकावतो. पिढ्यानपिढ्या पेटीत पैदास झाली तरी हा स्वभाव गेलेला नाही.

अंगावर झोपण्याचा अर्थही आपण उलटा लावतो. दिव्याखालची ऊबदार जागा एकच असते. वरचा ती बळकावतो, ऊब आणि यूव्हीबी प्रकाश दोन्ही घेतो, खालच्याला सावली उरते. एखादा पुढचा पाय उचलून हळूच गोल फिरवतो, तेव्हा घरातली मुलं ‘टाटा करतोय’ म्हणून व्हिडिओ काढतात. समोर दुसरा ड्रॅगन असेल, तर तो ‘मी हरलो, मला मारू नकोस’ असं सांगत असतो. दुसरा त्याच वेळी मान वरखाली झटकत असेल, दाढी फुगवून काळी करत असेल, तर पुढची पायरी चावण्याची असते. पाय, बोटं, शेपटी, जबडा, कधी डोळा. मोठा ड्रॅगन दीड ते दोन फूट लांब असतो आणि त्याच्या जबड्यात दुसऱ्याचं बोट सहज तुटतं.

आपल्याकडे याच कुळातले सरडे आहेत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यापूर्वी गेलात, तर दगडादगडावर नर सरडे गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून बसलेले दिसतात. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रजातीला ‘सरडा सुपर्बा’ हे नाव दिलं. त्या अख्ख्या गटाचं शास्त्रीय नावच आपल्या मराठीतून घेतलेलं आहे. हे नरही भांडतात, पाठलाग करतात, चावतात. पण भांडण संपतं, कारण हरलेला पळून जातो. पठारावर त्याला पुढचा दगड मिळतो. चार फूट लांबीच्या काचेच्या टँकमध्ये हरलेल्याला जायला जागाच नाही. तो कोपऱ्यात जातो, आणि तो कोपराही जिंकलेल्याच्या हद्दीतच असतो. म्हणून मोकळ्या रानात थोडक्यात मिटणारं भांडण घरात रोज, तासन्‌तास चालू राहतं.

त्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि शिकारी पक्षी कमी झाले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी दाखवलं की पवनचक्क्यांच्या भागात सरड्यांची दाटी वाढली आहे, पण ते अंगाने खराब आणि रंगाने फिके झाले आहेत. दाटी सरड्याच्या अंगावर उतरते, आणि तिचा आवाज होत नाही. तुमच्या टँकमध्ये रक्त दिसलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोघांचं वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवा. एकाचं वाढत असेल आणि दुसऱ्याचं थांबलं किंवा घटत असेल, दुसरा सारखा लपत असेल, पोटावर गडद रेघा उमटत असतील, पुढे टाकलेला किडा सोडून देत असेल, तर तो हरलेला आहे आणि हळूहळू उपाशी मरतो आहे.

काही घरांमध्ये ‘आमचे नर-मादी आहेत’ म्हणून निर्धास्तपणा असतो. तिथे मादीची अवस्था जास्त वाईट होते. नर तिची मान चावून धरतो आणि तिला उसंतच देत नाही. एका खेपेला पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त अंडी, वर्षात अशा अनेक खेपा, त्यात कॅल्शियम संपतं, अंडी अडकून मादी दगावते. दोन माद्याही भांडतात. एकाच खेपेची भावंडंही भांडतात. आणि लहानपणी दुकानदाराने सांगितलेलं लिंग बऱ्याचदा चुकीचं निघतं. शेपटी अलगद वर करून मुळाशी बघा. दोन्ही बाजूंना दोन फुगीर उंचवटे दिसले तर नर. पण निकाल काहीही लागो, एका टँकमध्ये एकच.

भांडण चालू असताना हात मध्ये घालू नका आणि मुलांना लांब करा. दोघांच्या मध्ये जाड पुठ्ठा सारा, एकावर जाड टॉवेल टाकून उचला. एकाने दुसऱ्याला धरून ठेवलं असेल तर ओढू नका, मांस फाटतं. टॉवेलने डोळे झाकले की पकड बहुधा सैल होते. मग ज्याला जास्त लागलं आहे त्याला मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. झाकणाला भोकं पाडा, खाली वर्तमानपत्र घाला, वाळू अजिबात नको, ती जखमेत जाते. दोघे एकमेकांना दिसता कामा नयेत. डब्याभोवती चादर किंवा पुठ्ठा लावा, कारण नुसतं दिसण्यानेही त्यांची दाढी काळी होते. प्लास्टिकच्या डब्यावर उष्णतेचा दिवा लावू नका. रात्री खोलीत 20 अंशांच्या आसपास असेल तर वेगळ्या ऊबेची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत शिरूरकडच्या पत्र्याच्या खोल्या रात्री फार गार पडतात, तेव्हा डबा आतल्या बंद खोलीत घ्या. दुसरा टँक येईपर्यंत मुख्य टँक पाळीपाळीने वापरा, सकाळी एकाला, दुपारी दुसऱ्याला. दिव्याखाली 38 ते 42 अंश आणि दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास तापमान दोघांनाही रोज मिळालं पाहिजे, नाहीतर खाल्लेलं पचत नाही.

जखमेवर हळद भरू नका. चुना, कॉफी, घरातलं मलम, माणसांची दुखण्याची गोळी, काहीही नको. सलाइनने जखम धुवा, रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजने थोडा वेळ दाबून धरा, आणि डॉक्टरांना फोन करा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो. तो पनीरसारखा घट्ट साकळतो आणि आपोआप वाहून जात नाही, डॉक्टरांनाच काढावा लागतो. शेपटीचं टोक काळं पडून वाळत असेल तर थांबू नका, ते काळेपण वर चढतं. घरातल्या पालीची शेपटी तुटली की पुन्हा येते. बिअर्डेड ड्रॅगनची येत नाही, तुटलेलं बोटही येत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या भागातले पशुवैद्यक गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्ये तरबेज आहेत, पण सरडा त्यांच्याकडे क्वचितच येतो. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून आजच, जखम झालेली नसतानाच, पुण्यात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधून ठेवा, त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. सणसवाडीहून पुणे तीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण वाघोलीची कोंडी तुम्हाला माहीत आहे. निघण्यापूर्वी जखमेचे फोटो पाठवा आणि ते आहेत ना याची खात्री करा. प्राण्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. साल्मोनेला जंतू धडधाकट दिसणाऱ्या ड्रॅगनच्या विष्ठेतही असतात आणि लहान मुलांना ते भारी पडतात.

दोघांना सांभाळणं झेपत नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुसरा टँक, दुसरा यूव्हीबी दिवा, महिन्याचे किडे, हा खर्च सोपा नाही. पण कृपा करून एकाला भीमेच्या काठी, उसाच्या फडात किंवा एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटवर सोडून येऊ नका. तो तिथे बहुधा मांजराच्या, कुत्र्याच्या किंवा घारीच्या तोंडी जाईल, नाहीतर पहिल्या पावसात आणि थंडीत मरेल. आणि तगला तर त्याच्या अंगातले आजार इथल्या सरड्यांपर्यंत पोहोचतील. पुण्याच्या परिसरातल्या पाण्यात लोकांनी सोडलेली लाल कानाची परदेशी कासवं काय करतात, हे आपण पाहतोच आहोत. अनुभवी पाळणाऱ्याला द्या, लेखी द्या, त्याचा टँक आधी पाहा. कुणीच मिळालं नाही तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर विचारा. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. तिथल्या माणसांना बिबट्यांमुळे श्वास घ्यायला फुरसत नाही हे खरं, पण विचारल्याशिवाय सोडून देण्यापेक्षा विचारणं बरं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2024 च्या नियमांनी काही परदेशी प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करणं बंधनकारक झालं. हिरवा इग्वाना त्या यादीत आहे. तुमचा प्राणी येतो का, तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

जे प्राणी विकतात त्यांनाही ही विनंती आहे. ‘एकट्याला करमत नाही, जोडी घ्या’ हे वाक्य थांबवा. माणसाला ते पटतं, कारण आपल्याला एकटं राहवत नाही. या प्राण्याला मात्र एकटं राहणंच मानवतं. जोडी विकण्याऐवजी त्याच गिऱ्हाइकाला चार फूट लांब, दोन फूट रुंद टँक आणि चांगला दिवा विका. आणि काऊंटरच्या काचपेटीत दहा पिल्लं एकावर एक ठेवली असतील, तर ज्यांची बोटं गेली आहेत ती आधी बाजूला काढा.

ज्यांच्याकडे जुना फिश टँक गच्चीवर किंवा पलंगाखाली पडून आहे, त्यांनी तो महिनाभर शेजाऱ्याला द्यावा. गळत असला तरी चालेल, यात पाणी भरायचं नाही.