ट्रॉलीच्या टायरांची निवड
छत्रपती संभाजीनगर शहरातील उस्मानपुऱ्यापासून फार दूर नसलेल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गुडइयर आणि बीकेटी यांचे टायर कारखाने असले, तरी गळीत हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रॉलीला टायर निवडताना अनेकदा केवळ किंमत पाहिली जाते, ही बाब चिंतेची आहे. ट्रॉलीचे चाक ट्रॅक्टरच्या मागील चाकाप्रमाणे जमिनीला रेटा देत नाही, ते केवळ ओझे वाहत फिरते, म्हणून त्याला खोल दात्यांपेक्षा सरळ पट्ट्यांची नक्षी आणि कणखर बाजू अधिक उपयोगी पडते. प्रचलित ९.००-१६ या मापातील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो, तर त्यापुढील १६ पीआर म्हणजे प्लाय रेटिंग होय. पूर्वी ते सुती थरांची प्रत्यक्ष संख्या दर्शवीत असे, आता नायलॉनच्या मजबूत धाग्यांमुळे थर कमी असूनही तितकी ताकद असल्याचे ते सांगते. ही ताकद मात्र हवेचा नेमून दिलेला दाब राखला तरच कामी येते, कारण हवा कमी असल्यास टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते आणि अखेरीस थर एकमेकांपासून सुटून भरल्या ट्रॉलीचा टायर रस्त्यातच फुटतो. हंगाम संपल्यावर ट्रॉली महिनोन्महिने उन्हात उभी राहत असल्याने नक्षी शाबूत असूनही रबर भेगाळते. म्हणून बाजूवरील चार अंकी आकडा वाचलाच पाहिजे, कारण तो २३२४ असेल, तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो.