पॉलिश मोठे की मांजर?

दिवाळी जवळ आली की आमच्या पेठेत दोन माणसे हमखास दिसू लागतात. एक पॉलिशवाला आणि दुसरा पोते घेतलेला गृहस्थ. पॉलिशवाल्याच्या हातात स्पिरिटची बाटली आणि कापसाचा बोळा असतो. गृहस्थाच्या पोत्यात मांजर असते. पहिला घरात शिरतो, दुसरा मंडईच्या नाहीतर नदीपलीकडच्या वाटेला लागतो. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे, आणि त्यावरूनच मला आज भांडायचे आहे. ऐन सणात भांडण नको असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी खुशाल पान उलटून पुढची कथा वाचावी.

मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार आहे. सोन्याचा आजचा भाव पाहता हे प्रायश्चित्त कोणाला परवडणार? म्हणून मारायचे नाही. नुसते 'सोडून यायचे'. मग ते उपाशी मेले, मोटारीखाली गेले, तर पाप मोटारवाल्याचे. आपल्या धर्मबुद्धीला पळवाटा शोधण्यात तोड नाही! पण 1960 साली केलेल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याला ही पळवाट मान्य नाही. प्राण्याचे उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आणि हे सगळे आपण कधी करतो? वसुबारसेच्या आधी! म्हणजे पाडसासह गाईला ओवाळायचे, तिच्या कपाळाला हळदकुंकू लावायचे, आणि त्याच आठवड्यात घरातले मांजर पोत्यात घालायचे. आमच्या नरकचतुर्दशीच्या सुमारास नेपाळात कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, त्यांना टिळा लावून गोडधोड खाऊ घालतात. आम्ही मात्र त्या दिवशी त्यांच्या कानाशी फटाके लावतो.

आमचे धाकटे भाऊजी या पॉलिशपंथाचे आचार्य आहेत. त्यांनी नवा फ्लॅट घेतला, त्यात आरशासारखे चकचकणारे फर्निचर करून घेतले आणि आठ वर्षे सांभाळलेली कुत्री 'तिला मोकळी हवा मिळेल' म्हणून ओळखीच्या कोणाच्या शेतावर पोहोचवली. मी विचारले तेव्हा म्हणाले, "वहिनी, घर म्हणजे काही गोठा नव्हे. एकतर जनावरं पाळा, नाहीतर चांगल्या वस्तू ठेवा. दोन्ही कसं जमायचं?"

त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरचे सागवानी फडताळ आहे, आजेसासऱ्यांचा झोपाळा आहे. झोपाळ्याची फळी तीन पिढ्यांच्या बसण्याने गुळगुळीत झालेली. कुत्र्याच्या पिल्लाने एका दुपारीत तिचा कोपरा कुरतडला, तेव्हा माझाही जीव कळवळला. जुन्या लाकडात माणसे राहिलेली असतात. त्यावर माया करणाऱ्याला मी हसणार नाही. माझे भांडण त्या मायेशी नाही. ते आहे 'दोन्ही जमत नाही' या आळशी निकालाशी.

खरोखर, लाकडाचे वाटोळे कोण करते ते एकदा पाहा तरी! सकाळ-संध्याकाळ चिंब फडक्याने कपाट पुसणारी आपणच. चहाचा ऊन पेला टेबलावर तसाच टेकवणारे आपणच. चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळणारेही आपणच. ते तेल कधी वाळत नाही, त्यावर धूळ बसते, वास धरतो, आणि घरात मांजर असेल तर ते चाटत बसते. खिडकीतले ऊन, पावसाळ्यातली ओल, भिंतीला चिकटवून ठेवलेली कपाटाची पाठ, मग वाळवी. या सगळ्यांपुढे मांजराचे चार ओरखडे म्हणजे काय? पण ओल बोलत नाही आणि मांजर समोर दिसते; म्हणून शिक्षा मांजराला.

जुन्या सामानाला जे पॉलिश असे ते लाखेचे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर बारीकसे किडे राहतात. त्यांच्या अंगातून पाझरलेल्या राळेसारख्या रसाची लाख होते. तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापसाच्या बोळ्याने हात हलका ठेवून थरावर थर द्यायचे. ज्यांना मांजराचा एक केस खुर्चीवर खपत नाही त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे, की ज्या चकाकीसाठी आपला जीव जातो ती एका किड्याची देणगी आहे. या पॉलिशचा मोठा गुण असा की ते क्षमाशील आहे. ओरखडा पडला तर तेवढीच जागा पॉलिशपेपरने हलकेच घासायची आणि नवा हात द्यायचा. नव्यातले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात. खोल चर असेल तर मेणाने नाहीतर लाखेने भरायची. दातांनी लाकूड नुसते दबले असेल, तंतू तुटले नसतील, तर वरचे पॉलिश काढून ओलसर फडके ठेवावे आणि वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफ लागली की दबलेले तंतू फुगून वर येतात. झोपाळ्याच्या कोपऱ्यावर मी स्वतः हे केले आहे. सगळे खळगे भरले नाहीत. तीन दात अजून दिसतात. दिसोत.

आता भाऊजींच्या आरशाकडे या. हल्ली सर्रास मेलामाइनचे नाहीतर पीयूचे पॉलिश देतात. काचेसारखे टणक, पाण्याला दाद न देणारे. हे गुण मी नाकारत नाही. परंतु त्यावर ओरखडा उठला की तो पांढरा फटक दिसतो, आणि तेवढ्यापुरती डागडुजी नीट मिसळत नाही. पुष्कळदा सगळा पृष्ठभाग घासून पुन्हा करावा लागतो. त्याच्या आत असते काय? कित्येकदा भुसा डिंकाने दाबून केलेली फळी. तिच्या कडेतून पाणी आत गेले, मग ते कुत्र्याचे मूत असो की फरशी पुसण्याचे पाणी, की ती पाव भिजावा तशी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. असले सामान करून घ्यायचे आणि मग म्हणायचे, जनावरामुळे घर राहत नाही! अहो, तुमचे फर्निचरच घरात राहण्याच्या लायकीचे नाही. मुलाने खेळण्यातली गाडी फिरवली तरी ते असेच रडणार. मुलालाही शेतावर पाठवणार का?

मांजर ओरबाडते ते वैराने नव्हे. नखांवरची जुनी टरफले त्याला काढून टाकायची असतात, झोपेतून उठल्यावर पाठ ताणायची असते, आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास लावून 'ही जागा माझी' असे नोंदवायचे असते. हे तिन्ही करायला त्याला एक खांब लागतो. जाड लाकडी ठोकळ्याला घायपाताची किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी. ठोकळा मांजराला मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणता येईल इतका उंच हवा आणि त्याचे बूड जड हवे. एकदा डगमगला की ते पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. आणि तो अडगळीत नव्हे, तर ज्या खुर्चीला ते नख लावते तिच्याच शेजारी उभा करावा. सुतार तासाभरात करून देतो. काही देशांत यावर असा इलाज निघाला की मांजराची नखेच काढायची. नखे म्हणजे बोटाचे शेवटचे पेरच कापायचे! अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने त्यावर 2019 साली बंदी घातली. खुर्चीच्या कापडासाठी दुसऱ्याची बोटे कापणाऱ्या माणसाला गृहस्थ कसे म्हणावे, मला कळत नाही.

येथवर मी भाऊजींना पुष्कळ बोलले. आता माझे सांगते.

2017 सालची दिवाळी. फडताळाला नुकतेच पॉलिश झाले होते. आमचा बोका, बंडू त्याचे नाव, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फडताळाच्या पायाशी लघवी करून बसला. पुसले, रागावले. पुन्हा तासाभराने तिथेच, थेंबभर. मग न्हाणीघरापाशी, मग पुन्हा फडताळाशी. पॉलिश पांढरे पडून चिकट झाले. मी त्याच्या पाठीत चापट मारली आणि त्याला गॅलरीत कोंडले. तो ओरडत होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला काही होतंय का बघ. लाकडाला काय, परत पॉलिश होतं." मी करंज्या तळत होते. म्हटले, "ओरडू दे, खोड मोडेल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ओरडायचा थांबला म्हणून मी दार उघडले.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपले. बोक्याची लघवीची वाट अडते, म्हणाले. वारंवार बसतो, थेंब थेंब होते, भलत्याच जागी करतो, ओरडतो. ही खोड नसते, ते दुखणे असते, आणि त्यात तास मोजायचे असतात. नळी घातली, पण विष अंगात भिनले होते. पहाटे सगळीकडे अभ्यंगस्नानाची गडबड चालू असताना बंडू गेला.

म्हणून मी भांडते आहे. पॉलिशच्या प्रेमापायी माझे डोळे झाकले गेले होते, आणि ज्या डागाला मी शिक्षा देत होते तो डाग म्हणजे त्या मुक्या जिवाचे सांगणे होते. बोका आरोग्याने धडधाकट असून भिंतीवर, कपाटावर शेपटी उभारून फवारे मारीत असेल तर गोष्ट वेगळी. वेळेवर शस्त्रक्रिया करून घेतली की बहुधा ते थांबते. पण आधी डॉक्टर, मग दुसरे काही. डाग लगेच टिपावा, चोळू नये. अमोनियाच्या द्रावणाने तर मुळीच पुसू नये, कारण त्याचा वास मुतासारखाच, आणि जनावर पुन्हा तिथेच येते. फिनाइल मांजराच्या घरात नकोच. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते आणि ते विष त्याच्या यकृताला पचवता येत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्यांचेही तेच. लाकूड काळे पडले तर पॉलिशवाला ऑक्झॅलिक ॲसिडने डाग उतरवतो. तेही विषच, म्हणून काम चालू असताना आणि सगळे धुऊन वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावे. दुसऱ्या खोलीत म्हणते आहे, मंडईत नव्हे.

कुत्र्यांविषयी थोडेच सांगते. पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येतात ते साधारण तीन ते सात महिन्यांच्या दरम्यान. तेवढे दिवस त्याच्या हिरड्या सळसळतात आणि टेबलाचा पाय गोड लागतो. त्याला चघळायला टणक रबर द्यावे, गार गाजर द्यावे. शिजवलेले हाड देऊ नये, त्याची कुसळे घशात जातात. मोठे कुत्रे दाराची चौकट ओरबाडते ते बहुधा भीतीने. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाहेर माळांवर माळा उडत असतात, आत कुत्रे थरथरत दाराला नखे लावत असते, आणि सकाळी यजमान चौकटीकडे बघून म्हणतात, "याने दार खराब केलं!" माळ कोणी लावली होती, यजमान?

यंदा पॉलिशवाला येऊन गेला. फडताळाच्या डाव्या पायाशी एक काळा डाग आहे. तो म्हणाला, "बाई, हा उतरवून देतो, कळणारही नाही." मी नको म्हटले. घरात आता दोन मांजरे आहेत, आणि दाराशी घायपाताचा ठोकळा. पाडव्याला भाऊजी फराळाला येणार आहेत. त्यांच्या आवडीच्या आरामखुर्चीवर चिमी झोपलेली असेल तर त्यांनी तिला उठवू नये. शेजारी दुसरी खुर्ची आहे, तिच्यावर बसावे.