चौथी सीट

भाचीने या आठवड्यात नोकरी सोडायचा विषय काढला आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी तिला सांगितलं, ‘जरा ॲडजस्ट कर, होईल सवय.’ रोज लोकलने डोंबिवली ते दादर. बसायला मिळावं म्हणून सकाळी आधी उलटं कल्याणला जायचं आणि तिथून रिटर्न मारायचा. संध्याकाळी घरी आली की चहा निवून जातो तरी पोर बोलत नाही. मला त्या सल्ल्याचा संताप आला.

गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या दप्तरात याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगरून २३ जण गेले, तेव्हा कुठे लष्कराला बोलावून नवा पूल उभारला गेला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारी माणसं रुळांवर पडली.

पण डब्यातल्या ॲडजस्टबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. सेकंड क्लासचा बाक तिघींचा. चौथी येते, तिघी सरकतात. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेरच असतं, एक पाय पॅसेजमध्ये रोवून तोल सांभाळावा लागतो, तरी टेकायला मिळतं. ‘कुठे उतरणार?’ एवढ्या दोन शब्दांवर जागा ठरते आणि ती दुसरं कुणी बळकावत नाही. दादरपासून बसलेली बाई घाटकोपर आलं की आपणहून उठते, ‘बस गं आता तू’ म्हणते आणि डोंबिवलीपर्यंत उभी राहते. नाव माहीत नसतं, गावही नसतं. अवघडलेली बाई चढली तर तिला खिडकीच मिळते. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही. लेडीज डब्यातल्या बायकांनी तो घडवला आणि सांभाळला. मुंबईचं मोठेपण मला कुठे दिसत असेल तर तिथे.

थकलेली बाई दुसरीसाठी चार बोटं सरकते, ती माया. केबिनमधला साहेब तेच ‘ॲडजस्ट करा’ म्हणतो, तेव्हा तो स्वतः कुठेच सरकलेला नसतो.

आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या पुरेशा गाड्या यायच्या तेव्हा येतील. कचेऱ्यांनी वेळा मागेपुढे कराव्यात, अशी विनंती मध्य रेल्वेने केलेली आहे. त्याला पूल लागत नाही, लष्कर लागत नाही. मस्टरवरची वेळ बदलणारी एक सही लागते. ती या महिन्यातही होऊ शकते.