दोघांनी उचलायचं खोकं

अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची आठ बाय चार फुटांची एक शीट तीस किलोच्या आसपास भरते. ती टेम्पोतून उतरवायची, जिना चढवायची, दोन स्टुलांवर आडवी टाकायची आणि पेन्सिलीने आखलेल्या वळणावरून जिगसॉ फिरवायची, तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरून उभं असावं लागतं. नाहीतर शेवटच्या चार इंचांत कापलेला तुकडा स्वतःच्याच वजनाने मोडून खाली येतो आणि जाताना कडेचा पापुद्रा उचकटून नेतो. आपल्याकडे सगळे ज्याला ‘व्हिडिओ गेमचं मशीन’ म्हणत आले, ते उभं आर्केड खोकं घरी बनवायला निघालेल्या माणसाला म्हणूनच सगळ्यात आधी मित्र लागतो. स्क्रीन, बटणं, छोटा संगणक हे सारं त्यानंतर.

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये दोघांनी हे मनावर घेतलं, तर जिन्नस गोळा करायला फार फिरावं लागत नाही. संपिगे रोडला मेट्रोची ग्रीन लाइन पकडायची. मॅजेस्टिकनंतरचं स्टेशन चिकपेट. तिथून पायी एस. पी. रोड. ज्याने मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घातली आहे, त्याला हा बाजार पहिल्या भेटीतच ओळखीचा वाटेल. संपिगे म्हणजे सोनचाफा, आणि संपिगे रोडला समांतर जाणाऱ्या मार्गोसा रोडला नाव आहे ते कडुनिंबाचं. मराठी वाचकाला ही वस्ती तशी परकी नाही. तिला जिच्यावरून नाव मिळालं त्या काडू मल्लेश्वर देवस्थानाला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे, आणि त्याआधी बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती.

या वस्तीच्या आसपास कोड लिहिणारे हात हजारोंनी आहेत. करवत धरलेले हात त्यांत किती निघतील? हा प्रश्न टोमणा म्हणून नाही, काळजीपोटी विचारायचा आहे. आपल्या शिक्षणाने सुतार एका बाजूला आणि इंजिनियर दुसऱ्या बाजूला बसवला, आणि दोघांचंही त्यात नुकसान झालं. आर्केडचं खोकं ही या दोघांना एका टेबलाशी आणणारी, आवाक्यातली आणि हौसेची वस्तू आहे. म्हणून तिच्याकडे पोरखेळ म्हणून न पाहता जरा गांभीर्याने पाहायला हवं.

हा धंदा मुळात जन्मालाच दोन मित्रांच्या हातून आला. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी हे कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स कंपनीत एकाच खोलीत बसणारे सहकारी. १९७१ साली त्यांचं ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे मशीन बाजारात आलं आणि १९७२ च्या जूनमध्ये त्यांनी अटारी कंपनी काढली. त्याच वर्षी नव्याने नोकरीला लागलेल्या ॲलन अल्कॉर्नने ‘पाँग’ बनवला. त्यासाठी त्याने दुकानातून साधा कृष्णधवल टीव्ही आणला, चार फुटी लाकडी खोक्यात बसवला आणि सर्किट हाताने जोडलं. सनीव्हेल गावातल्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ते मशीन ठेवलं, आणि काही दिवसांतच ते बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने जाऊन उघडलं तर बिघाड कसलाच नव्हता. नाण्यांचा डबा भरून ओसंडला होता आणि पुढचं नाणं अडकून बसलं होतं. एका अब्जावधींच्या उद्योगाची पहिली यशस्वी वस्तू म्हणजे बाजारातला टीव्ही, एक खोकं आणि डाग दिलेल्या तारा. आज एखाद्या गच्चीवर किंवा गाडीच्या शेडमध्ये जे बनू शकतं, ते याहून फार वेगळं नाही.

आपल्याकडे हे यंत्र गल्लीत आलं ते नव्वदच्या दशकात. सनमायका लावलेली खोकी, अंधारी खोली, काउंटरवर टोकन आणि पाठीमागे आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहणारी पोरं. त्या पिढीला कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’चं नाव सांगितलं तर बहुतेकांना काही उमगणार नाही. ‘मुस्तफा’ म्हटलं की मात्र चेहरे उजळतात. मार्क शुल्ट्झ या चित्रकाराच्या कॉमिकवर बेतलेल्या त्या खेळात चार पात्रं होती. त्यांतलं मुस्तफा कैरो हे नाव भारतभरातल्या पोरांनी उचललं आणि ते थेट खेळालाच देऊन टाकलं. तिघांना एकाच वेळी खेळता येई. तीन मुलं एका पॅनेलपुढे कोपराला कोपर लावून उभी राहत आणि चौथा मागून सल्ले देई. या खेळाची खरी मजा त्या दाटीत होती.

त्या सगळ्याच्या मुळाशी एक साधी तांत्रिक सोय होती. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची ५६ पिनांची एकसारखी जोडणी ठरवून दिली. त्यामुळे खोकं तेच ठेवून आतला बोर्ड बदलला की नवा खेळ सुरू होई. म्हणजे लाकूडकाम स्थानिक सुताराने करावं आणि बोर्ड परदेशातून यावा, ही सोय आपसूक झाली.

आता ते बोर्ड मरू लागले आहेत, काही तर ठरवून दिलेल्या मुदतीने. कॅपकॉमने १९९३ पासून वापरलेल्या सीपीएस-२ बोर्डांवर एक बॅटरी असते. खेळाच्या कुलपाची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर जपलेली असते, आणि बॅटरी संपली की खेळही संपतो. अशा यंत्रांची आतली रचना नोंदवून ठेवावी म्हणून निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचं सॉफ्टवेअर लोकांसमोर ठेवलं. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल नव्या संगणकावर चालवणारं हे काम जगभरच्या हौशी लोकांनी पुढे नेलं, आणि २०१६ पासून ते पूर्णपणे मुक्त परवान्याखाली आहे. त्याच १९९७ साली मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराच्या समोरच्या जागेत खोदकाम करताना मातीखाली गाडलेलं नंदीतीर्थ आणि त्याची पुष्करिणी सापडली, आणि बेंगळुरूतच ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही भारतातली सुरुवातीची खेळ बनवणारी कंपनी उभी राहिली. योगायोगच, पण लक्षात राहावा असा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘मेम’ हे सॉफ्टवेअर वापरणं कायदेशीर आहे. खेळांच्या फायली इंटरनेटवरून उतरवून घेणं मात्र नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ हे रीतसर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करू देतं. ज्याच्याकडे मूळ प्रतच नाही त्याला ती मुभा मिळत नाही. आणि दुखणं असं, की कॅपकॉमने २०१८ साली आपले जुने मारामारीचे सात खेळ एकत्र करून पुन्हा विकायला काढले, तेव्हा त्यांत ‘मुस्तफा’ नव्हताच. पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा नाही आणि मग चोरीबद्दल बोलायचं, हे बरं नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जुने खेळ रास्त दरात मोकळे केले पाहिजेत. तोवर दोन सरळ वाटा आहेत. ‘रॉबी रोटो’सारखे काही जुने खेळ त्यांच्या मालकांनीच बिगरव्यापारी वापरासाठी खुले केलेले आहेत, ते घ्यावेत. किंवा, त्याहून चांगलं, खेळ स्वतः लिहावा. ज्या शहरात कोड लिहिणारा माणूस दर दुसऱ्या दारामागे सापडतो तिथे ही वाट अवघड वाटू नये.

आणि मग येते तारांची पाळी. हा भाग जवळून पाहण्यासारखा असतो.

कंट्रोल पॅनेलच्या फळीला तीस मिलिमीटरची भोकं होल सॉने पाडलेली असतात. प्रत्येक बटणाच्या पोटाशी नखाएवढा मायक्रोस्विच असतो. बटण दाबलं की आतली पत्ती ‘टक्’ करून उलटते. त्याला तीन पाय असतात आणि त्यांतले दोनच वापरायचे. एक जण खोक्याच्या आत मांडी घालून, दातांत टॉर्च धरून बसलेला. दुसरा बाहेर स्क्रीनकडे डोळे लावून.

‘दांडी वर कर.’

‘केली.’

‘काय झालं?’

‘अरे, खाली गेला!’

पहिल्यांदा बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही चूक होते, आणि तिचं कारण कळलं की दोघांनाही आनंद होतो. जॉयस्टिकची दांडी मध्यावर टेकलेली असते. वरचं टोक पुढे ढकललं की खालचं टोक मागे सरकतं आणि मागच्या बाजूचा स्विच दाबला जातो. म्हणजे ‘वर’ची तार त्या मागच्या स्विचला जोडायची. तराफ्याच्या वल्ह्याचं किंवा विहिरीवरच्या ओकतीचं जे तत्त्व, तेच इथे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ परीक्षेत पाच गुण देऊन गेलेली असते. ती हाताला कळते अशी उलटी तार जोडल्यावर.

असे बारीकसारीक धडे या खोक्यात ठासून भरलेले आहेत. टोमोहिरो निशिकाडो यांच्या १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जातात तसा त्यांचा वेग वाढतो. मुळात ती प्रोसेसरची मर्यादा होती: पडद्यावर आकृत्या कमी उरल्या की त्या काढायला वेळ कमी लागे. निशिकाडोंनी ती मर्यादा तशीच ठेवली आणि खेळ थरारक झाला. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये २५६ वी पातळी आली की अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो, कारण आठ बिटांच्या मोजणीत २५५ च्या पुढे जागाच नाही. हे सगळं वर्गात फळ्यावर सांगता येतं, पण स्वतः बांधलेल्या यंत्रावर ते घडताना पाहिलेला मुलगा विसरत नाही.

पालक इथे हमखास एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. पोरं आधीच फोनला चिकटलेली, त्यात हे आणखी एक कशाला? फरक आहे तो असा. खोकं एका जागी उभं असतं, ते पांघरुणात शिरत नाही. डाव काही मिनिटांत संपतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला जागा द्यावी लागते. ते रात्री दोन वाजता सूचना पाठवून बोलावत नाही, खिशातून पैसे काढत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणावी लागली. त्या जातीच्या खेळांशी या लाकडी यंत्राचं काही नातं नाही. शिवाय ते बनवायला जो महिना-दीड महिना लागतो, त्यात खेळण्याचा भाग फारच थोडा असतो.

अडचण पैशांची नाही. रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक २०१२ च्या फेब्रुवारीत ३५ डॉलरला निघाला, आणि त्याची जुनी पिढीही ऐंशीच्या दशकातले खेळ सहज चालवते. कार्यालयांनी टाकून दिलेले जवळजवळ चौकोनी एलसीडी मॉनिटर जुन्या खेळांच्या आकाराला नेमके बसतात. (जुना काचेच्या नळीचा टीव्ही मात्र जाणकाराशिवाय उघडू नये, बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो.) खरी अडचण जागेची आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जिगसॉ चालवली की भुसा शेजाऱ्याच्या वाळवणावर जातो आणि आवाज तीन मजले खाली. मल्लेश्वरमचे अंगणवाले जुने बंगले पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, तसा अंगणातला कामाचा ओटाही नाहीसा होतो आहे. मुंबई-पुण्यात तर तो कधीच गेला.

उत्तर आपल्याच अंगणात तयार आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. शिकायचं ते हाताने काम करत, हा त्यांचा आग्रह. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती हे सगळं तिथे अभ्यासक्रम म्हणून शिकवलं गेलं. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. पाबळ हे काही महानगर नव्हे. जे तिथे जमलं ते मल्लेश्वरममध्ये, कोथरूडमध्ये, डोंबिवलीत का जमू नये?

देशभरातल्या शाळांत दहा हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या आहेत आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजारांची घोषणा केली. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी त्या खोल्यांना कुलूप का असावं? शनिवार-रविवार त्या परिसरातल्या मोठ्या माणसांनाही उघड्या कराव्यात. अट एकच, प्रत्येकाने एका विद्यार्थ्याला सोबत घ्यावं. गृहनिर्माण संस्थांनी जिम आणि पार्टी हॉलच्या जोडीला एक कामाची खोली द्यावी: भक्कम टेबल, शेगडा, ड्रिल, सोल्डरिंगची सोय आणि भुसा झाडायला झाडू. परगावच्या महाराष्ट्र मंडळांनी गणपतीची आरास मंडपवाल्याकडून आणण्याऐवजी एक वर्ष हे खोकं करून बघावं, गल्लीतल्या सुताराला मानधन देऊन गुरू म्हणून बोलवावं. सांधा कसा बसवायचा हे तो दाखवेल, कोड कसा लिहायचा हे मुलं त्याला दाखवतील. बेंगळुरूत तर बटणांखालची नावं एका बाजूला कन्नडमध्ये आणि दुसऱ्या बाजूला मराठीत रंगवता येतील.

खोकं उभं राहिलं की मागच्या दाराला कुलूप घालू नये. दोन बिजागऱ्या आणि एक साधी कडी पुरे. आत प्रत्येक तारेवर कागदाची चिठ्ठी चिकटवावी, कुठली तार कुठल्या बटणाची ते लिहून, आणि दाराच्या आतल्या बाजूला जोडणीची आकृती पेन्सिलीने काढून ठेवावी. पाच वर्षांनी एखादं बटण अडकेल तेव्हा ते उघडायला दुसरीच दोन मुलं बसलेली असतील.